नीलपूर जळाले, भैरूची वाडी वाचली: धूम्रगिरीच्या कोपाची कैफियत

श्रीगजाननाचे स्मरण करून, आणि ज्या थोरांनी या मोहिमेपायी रविवारची दुपारची झोप गमाविली त्यांस दंडवत घालून, सेवक हा मजकूर लिहावयास घेतो. आपण पुसिले की, कर्वेनगर प्रांती शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी जो बखेडा जाहला त्याचे मूळ काय, आणि आग ओकणाऱ्या डोंगराच्या पायथ्याची वाडी शाबूत राहून बारा कोसांवरील शहर कैसे खाक जाहले, ते साद्यंत लिहावे. ऐसियास जे घडले ते लिहितो, आणि जे घडले नाही ते, कोणी शपथेवर सांगितले असल्यास, तेही लिहितो. चुका काढणे जाहल्यास वाचणारांनी त्या खुशाल काढाव्या. पुणे प्रांती त्यास मनाई करून कोणाचा उपयोग जाहला नाही.

राजश्री श्रीधरपंत म्हणोन कर्वेनगरी एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर मातोश्री आनंदीबाईंसह राहत. वय वर्षे चौतीस, चाकरी हिंजवडीच्या संगणक कंपनीत, आणि काम दुसऱ्यांनी केलेल्या कामांत खोडी काढण्याचे, म्हणोन दरबारी वचक मोठा. रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये स्वार होऊन कूच करीत, आणि पाऊण तासाची मजल दोन तासांत मारून, वाकडच्या पुलाखाली एक मुक्काम करून, हिंजवडीस दाखल होत. तेथे त्यांस कोणी पंत म्हणत नसे. परंतु रविवारी तेच श्रीधरपंत बारा राज्ये, तीन समुद्र आणि साडेचारशे देवदेवता यांचे एकटे धनी असत, ते कैसे तेही सांगितले पाहिजे.

खेळ ऐसा असे की, एकाने मनाने एक जग रचावे, त्याचा नकाशा काढावा, त्यातील पाऊसपाणी, लढाया, रोगराई यांचा हुकूम त्याने द्यावा, त्यास खेळनियंता म्हणावे. आणि बाकीच्यांनी त्या जगात एकेक सोंग घेऊन नांदावे, कोणी राणी व्हावे, कोणी पाटील, कोणी मांत्रिक, आणि संकट आले म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून नशीब अजमावावे. ऐसा हा खेळ श्रीधरपंतांच्या दिवाणखान्यात नऊ वर्षे चालिला होता. त्या नऊ वर्षांत पंतांच्या दोन नोकऱ्या बदलल्या, एक लग्न ठरून मोडले, आणि वडील वारले. परंतु रविवार मोडला नव्हता. पंतांस या रविवाराखेरीज दुसरे काही राखावयाचे उरले नव्हते, हे ते कोणापाशी बोलत नसत, परंतु खरे होते.

त्यांच्या पदरी सरदार तीन. पहिल्या नीरजाबाई, एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत आराखडे काढण्यावर नामजद, आणि खेळात नीलपूर शहराच्या राणीसाहेब. हे नीलपूर त्यांनी चार वर्षे खपून आलेखाच्या कागदावर घरा-घरानिशी उभे केले होते, गटारे सुद्धा. आणि भर चौकात एक ग्रंथशाळा बांधिली होती, तिचे नाव अनंत ग्रंथशाळा. दुसरे संभाजीराव, लोणी काळभोरचे, घरचा ऊस आणि स्वतःची रोपवाटिका, खेळात धूम्रगिरी डोंगराच्या पायथ्याच्या वाडीचे पाटील. वाडीचे नाव भैरूची वाडी, कारण भैरू हा त्यांचा लहानपणीचा बैल. तिसरे दिगंबरपंत, धंदा वकिली, मुक्काम त्याच इमारतीत तळमजल्यास, खेळात फिरते मांत्रिक. त्यांस खेळात जमीन नव्हती, म्हणोन सगळ्यांच्या जमिनीविषयी त्यांचे मत असे.

मग कार्तिक अमावास्येस, रविवारी, सकाळी अकराचे सुमारास धूम्रगिरी फुटला. याचे कारण ऐसे की, गेले तीन महिने खेळात धान्याच्या जकातीवरून खल चालिला होता, आणि दिगंबरपंत कलमे वाचीत असता संभाजीराव दोन वेळां घोरले होते. तेव्हां श्रीधरपंतांनी मनसुबा केला की, एकदा डोंगर फोडावा, म्हणजे मंडळी जागी होतील. मग नुकसानीची यादी वाचू लागले. नीलपूर: लाव्हा नदीच्या पात्राने येऊन पूर्वेच्या वेशीपासून तीन पेठा जळाल्या, शहरावर राख पडून सातशे घरे बसली, अनंत ग्रंथशाळा छपरासह कोसळली, धान्यकोठार मात्र उभे. चांदवणे बंदर: किरकोळ धूर. घुबडखिंड: दोन मेंढ्या. ऐसे वाचून यादी घडी करून ठेविली.

तेव्हां संभाजीराव हात वर करून पुसते जाहले, "आन आमची वाडी? पायथ्याला हाय की ती."

श्रीधरपंतांनी यादी पुन्हा उघडिली, मागून पुढून पाहिली, आणि म्हणाले, "वाडी सुरक्षित आहे."

"काहीच नाही झालं?" नीरजाबाई म्हणाल्या.

"काहीच नाही."

ते ऐकून दिगंबरपंतांनी मान वळवून कपाटाकडे पाहिले. कपाटावर गुळाची एक ढेप होती. ती संभाजीरावांनी पंधरा दिवसांमागे गावाहून आणून श्रीधरपंतांस नजर केली होती.

आता जे खरे कारण ते येथे लिहितो, कारण बखरकाराने लपवाछपवी करू नये. शनिवारी दुपारी श्रीधरपंत चार मोठे कागद जोडून केलेला नकाशा जमिनीवर पसरून नुकसानीची यादी करावयास बसले. आणि खिडकीतून वारा येऊन नकाशाचा कोपरा उडे, म्हणोन हाताशी होती ती गुळाची ढेप त्यांनी त्या कोपऱ्यावर ठेविली. त्या ढेपेखाली धूम्रगिरीचा पायथा आणि भैरूची वाडी ही दोन्ही झाकली गेली. पंतांनी नकाशावर जे दिसले ते जाळिले. जे दिसले नाही ते त्यांच्या स्मरणातून गेले. आणि नीलपूरच का जाळिले, तर ते सर्वांत मोठे, सर्वांत देखणे, आणि जळाले म्हणजे मोठा आवाज होईल, एवढेच. हे दोन्ही पंतांस यादी पुन्हा उघडतानाच उमगले. परंतु नऊ वर्षे ज्याने देवांच्या वतीने हुकूम दिले, त्याने ढेपेखाली गाव विसरलो ऐसे कैसे म्हणावे? म्हणोन ते गप्प राहिले, आणि येथूनच खरी लढाई सुरू जाहली.

सोमवारी प्रातःकाळी मोबाईलच्या दरबारात नीरजाबाईंचा खलिता आला, त्यात दोनच ओळी: "माझ्या शहराचं कारण दे. नसेल तर रविवारपासून मी येणार नाही." दिगंबरपंतांनी त्यावर, कोणी न सांगता, सात कलमांची नोटीस धाडिली, त्यात पहिले कलम, डोंगरापासूनचे अंतर आणि नुकसान यांचा मेळ लेखी दाखवावा, चौथे कलम, सदर गूळ कोणत्या कारणे स्वीकारला, आणि सातवे कलम, उत्तर मुद्देसूद असावे, भावनिक नसावे. संभाजीरावांस फार वाईट वाटले. त्यांनी उत्तर लिहिले, "गूळ आईनं दिलाय. खायला दिलाय. लाच द्यायची असती तर मी राज्य मागितलं असतं, नुसतं गाव जाळू नका एवढंच म्हणलो असतो व्हय?" हा खुलासा खरा होता, परंतु त्याने संशय वाढलाच.

मग श्रीधरपंतांनी कारणांची फौज उभी करावयास आरंभ केला. मंगळवारी वाकडच्या पुलाखाली बस अडकली असता त्यांनी पहिले कारण धाडिले की, अग्निदेवतेचा नीलपुरावर कोप होता. त्यावर नीरजाबाईंचा जबाब आला की, कोणती अग्निदेवता? गेल्या चैत्रात माझ्या शहराने जिला सोन्याचा कळस वाहिला ती? तू स्वतः 'देवी प्रसन्न झाली' म्हणाला होतास. पंतांनी ती फळी मागे घेतली. बुधवारी दुसरे कारण पुढे केले की, सर्व गावांचे फासे टाकिले होते, नशिबाने ऐसे आले. दिगंबरपंतांनी तत्काळ पुसिले की, फासे कोणासमक्ष टाकिले, कोणत्या हाताने, आणि पंचांची सही कोठे आहे. तीही फळी मोडली. गुरुवारी पंतांनी वाडीवर थोडी आग पाडावी ऐसाही विचार केला, म्हणजे समानता होईल. परंतु संभाजीरावांनी त्या वाडीत शंभर रोपे, एक तालीम आणि भैरूचे देऊळ बांधिले होते ते आठवून त्यांचा हात उचलेना. शुक्रवारी ते कचेरीत दुसऱ्याच्या कामात एकही खोड काढू शकले नाहीत, तेव्हां वरिष्ठांनी प्रकृतीची चौकशी केली. आणि शनिवारी, चंपाषष्ठीस, वांग्याचे भरीत पुढे असता ते जेवले नाहीत, हे आनंदीबाईंनी पाहिले.

रविवार उजाडला. तिन्ही सरदार बाराचे सुमारास दाखल जाहले. नीरजाबाई आल्या त्या खांद्यावरची पिशवी न उतरविता खुर्चीच्या कडेला बसल्या. दिगंबरपंत, ज्यांस मार्गशीर्षातही उकडे, त्यांनी टेबलफॅन आपल्या पाठीशी लावून घेतला आणि नोटिशीची प्रत पुढे ठेविली. संभाजीराव रिकाम्या हाताने आले होते; गावाहून काही आणावयाची त्यांस आता धास्ती वाटे. श्रीधरपंत बोलावयास उठले, परंतु बोलावे काय हे त्यांस ठाऊक नव्हते, आणि नऊ वर्षांचे हे घर आज मोडते ऐसे ते समजून चुकले.

इतक्यात स्वयंपाकघरातून मातोश्रींचा हुकूम आला, "आधी जेवून घ्या. भांडण गरम करता येतं, भात पुन्हा गरम केलेला मला चालत नाही."

हुकूम मोडण्याची कोणाची छाती नव्हती. ताटे मांडिली. भाताची वाफाळती मूद मधोमध, तिला खेटून उजव्या हातास कालच्यासारखेच ताजे भरीत, डाव्या हातास ताटाच्या पार कडेला काकडीची कोशिंबीर, वरती मीठ-लिंबू, घडीची पोळी, पापड, आणि बाजूस दोन वाट्या, त्यांतील एक आमटीची. मधल्या जागी मेतकुटाची बरणी. श्रीधरपंतांनी सवयीने भाताला मधोमध बोटांनी आळे केले, त्यात आमटी ओतिली, आणि मन ठिकाणावर नसल्याने ओतीतच राहिले. तेव्हां आळ्याचा डावीकडला बांध फुटला, आमटीचा लोट सुटला, आणि तो थेट डाव्या बगलेने जाऊन ताटाच्या कडेची कोशिंबीर बुडवून थांबला.

आनंदीबाई तूप वाढीत होत्या. त्या म्हणाल्या, "आळं नीट कर रे. लहानपणापासून तुझं आळं एकाच बाजूला फुटतं. कोशिंबिरीचं वाटोळं, आणि हे भरीत भाताला चिकटून आहे तरी कोरडं ठक्क."

श्रीधरपंतांनी ताटाकडे पाहिले. कोशिंबिरीकडे पाहिले, भरिताकडे पाहिले, आणि पुन्हा भाताकडे पाहिले, आणि त्यांचा घास हातीच राहिला. मग ते एकाएकी गर्जले की, हा धूम्रगिरी! आणि ताट उचलून मेजाच्या मधोमध आणिले, इतक्या जोराने की मीठ सांडले.

मग त्यांनी जे निरूपण केले ते येणेप्रमाणे. डोंगराच्या माथ्यावर तोंड असते, त्यास चहूकडून बांध असतो, तो सगळीकडे सारखा जाड नसतो. जेथे बांध पातळ तेथे तो फुटतो, आणि मग आतला लाव्हा जवळ कोण आणि लांब कोण हे पुसत नाही, उतार कोठे ते पुसतो. धूम्रगिरीचा बांध पूर्वेस फुटला, पूर्वेस नदीचे खोरे, आणि खोरे गेले नीलपुराच्या वेशीस. वाडी पायथ्यालाच, परंतु पश्चिमेच्या अंगास, शाबूत बांधाच्या आड. म्हणोन डोंगराला चिकटून असूनही कोरडी. दिगंबरपंतांनी वाकून ताटाची पाहणी केली, बोटाने बांध चाचपिला, आणि म्हणाले, "लाव्ह्याचं मान्य. राखेचं काय? राख उतार बघत नाही. कलम पहिलं, पोटकलम ब."

त्यावर श्रीधरपंतांनी मेतकुटाची बरणी उघडिली, मूठभर मेतकूट घेतले, आणि भाताच्या वर हात नेऊन सोडिले. दिगंबरपंतांच्या पाठचा पंखा जोरात चालू होता. त्याने ते मेतकूट झपाट्याने उचलून मेजाच्या दुसऱ्या अंगास नेले, आणि समोर बसलेल्या नीरजाबाईंचे सबंध ताट, पापड, पोळी, कोपरापर्यंतचा हात पिवळा करून टाकिला. संभाजीराव पंखा आणि भात यांच्या मधोमध बसले होते. त्यांच्या ताटात कणही पडला नाही. तेव्हां निर्णय जाहला की, वारा पश्चिमेचा होता, आणि दिगंबरपंतांस आपणच तो वारा ऐसे कळून त्यांनी पंख्याचे बटण हळूच बंद केले.

नीरजाबाई मेतकुटाने माखलेल्या पापडाकडे पाहत होत्या. पापड एका वाटीवर आडवा पडला होता, आणि पोळीची घडी शेजारच्या वाटीवर तंबूसारखी उभी राहिली होती. त्यांनी चमच्याने दोन थेंब आमटी पापडावर शिंपडिली, कारण राखेमागून पाऊस येतो हे त्यांस ठाऊक होते. पापड मऊ पडला, मधोमध खचला, आणि वाटीत बसला. पोळीवरून मेतकूट घसरून खाली गेले होते. पोळी तशीच उभी.

"गच्च्या," नीरजाबाई म्हणाल्या. "मी सगळीकडे सपाट गच्च्या दिल्या, बागा करायच्या म्हणून. ओल्या राखेचं वजन घनमीटरला हजार किलोच्या वर जातं. कुठली गच्ची टिकणार? धान्यकोठाराला तेवढं उतरतं छप्पर होतं, तात्पुरतं म्हणून काढलं होतं मी. म्हणून ते उभं आहे."

ऐसा सर्व मुद्द्यांचा मेळ बसला. दिगंबरपंतांनी नोटिशीवर एकेका कलमापुढे बरोबरची खूण केली, गुळाचे चौथे कलम तेवढे मोकळे ठेविले, आणि संभाजीरावांनी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. श्रीधरपंतांची छाती फुगली. शत्रू हटला, किल्ला हाती आला, आता नौबत वाजवावी इतकेच उरले होते.

परंतु नीरजाबाईंनी पिशवी अद्याप खांद्यावरून उतरविली नव्हती. त्या श्रीधरपंतांकडे पाहून म्हणाल्या, "एक विचारू? हे तू मागच्या रविवारी ठरवलं होतंस, का आत्ता सुचलं?"

कोणी काही बोलण्याच्या आत त्या पुढे बोलल्या. "ग्रंथशाळेचं नाव अनंत आहे, ते बाबांचं. एकतीस वर्षं ग्रंथालयात काउंटरमागे उभे होते. दोन वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये तापाची साथ आली. त्यांच्याहून म्हातारे तिघं त्या तापातून उठून बसले. बाबा नाही उठले. मी डॉक्टरांना विचारलं, का? ते म्हणाले, सांगता येत नाही. तिथे विचारायला समोर कोणी नव्हतं. इथे ज्यानं केलं तो समोर बसलाय, म्हणून विचारतेय."

ग्रंथशाळा ती वडिलांच्या नावाची, हे श्रीधरपंतांस ठाऊक नव्हते. नऊ वर्षे शेजारी बसून त्या चौकातल्या इमारतीचे नाव कोणाचे हे त्यांनी पुसिले नव्हते, आणि ती इमारत त्यांनी आवाज व्हावा म्हणोन पाडिली होती. त्या क्षणी त्यांस फार लाज वाटली. 'मागच्या रविवारी' एवढे दोनच शब्द बोलिले असते तर मोहीम फत्ते होती. कागदोपत्री सर्व सिद्ध होते, वकिलाची खूण होती. पंतांनी ते शब्द ओठापर्यंत आणिले, आणि गिळिले.

"आत्ता सुचलं," ते म्हणाले. "तुझं शहर मी मोठा आवाज व्हावा म्हणून जाळलं. आणि वाडी मी विसरलो. नकाशा उडत होता म्हणून मी त्यावर गुळाची ढेप ठेवली होती. वाडी तिच्याखाली होती."

दिगंबरपंत लेखणी उघडून बसले होते. त्यांनी ती मिटली. चौथ्या कलमाचे ऐसे उत्तर कोणत्या रकान्यात लिहावे हे त्यांस कळेना. संभाजीराव हळूच म्हणाले, "म्हंजे गुळानंच वाचवली की वो वाडी," आणि सर्वांनी पाहिले तेव्हां भरिताकडे वळले.

"ढेप?" नीरजाबाईंनी पुसिले.

"ढेप."

नीरजाबाईंनी पदराने नव्हे, कागदी रुमालाने डोळे पुसले, त्यामुळे मेतकूट डोळ्यांत जाऊन ते अधिकच वाहू लागले. मग म्हणाल्या, "म्हणजे कारण नव्हतंच. मी आठवडाभर शोधत होते, माझंच काय चुकलं. कुठल्या देवाचं करायचं राहिलं, कुठली भिंत चुकली. आठवडाभरच कशाला म्हणू." ऐसे म्हणोन त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून खुर्चीला अडकविली. "बरं झालं सांगितलंस. पण दप्तरात आमटीचंच कारण लिही. माझ्या लोकांना कारण लागेल, त्याशिवाय ते परत घरं बांधणार नाहीत. आणि नाव ठेवताना विचारलं नाहीस ना, कोण अनंत म्हणून, ते मी विसरणार नाही."

श्रीधरपंतांनी ही सजा मस्तकी धरिली. आनंदीबाईंनी नीरजाबाईंचे ताट बदलून दुसरे आणिले, आणि त्यात भात जरा जास्त वाढिला.

मग जेवण पुढे चालिले. संभाजीरावांस नीरजाबाईंचे फार वाईट वाटत होते, म्हणोन धीर द्यावा या हेतूने ते म्हणाले, "ताई, एक सांगू का? राख पडली ती वाईटच. पण पाचसहा पावसाळे जाऊ द्या, त्या रानाला तोड नसंल. आपली काळी माती तरी कशाची हाय? असल्याच डोंगरांच्या दगडाची. तुमच्या नीलपुराला असा ऊस येईल..." श्रीधरपंतांनी तत्काळ खेळनियंत्याच्या अधिकारात फर्मान काढिले की, संभाजीराव म्हणतात ते यथार्थ, सहा पावसाळ्यांनंतर नीलपुराच्या शिवारास दुप्पट पीक येईल, यास फाशाची गरज नाही. नीरजाबाईंस ते ऐकून समाधान वाटले.

परंतु संभाजीरावांचा घास वाटेतच थांबला. त्यांच्या मुखावर एक नवा विचार उगवला.

"थांबा," ते म्हणाले. "आन माझ्या वाडीचं काय? आम्ही डोंगराच्या बुडाशी. धूर आम्ही बघायचा, हादरे आम्ही सोसायचे, आन राख समदी बारा कोसांवर? मूठभर सुद्धा न्हाई?"

"वारा नव्हता तुमच्याकडे," श्रीधरपंत म्हणाले.

"का नव्हता?" संभाजीराव कडाडले. ढेप आणून कोणाला तोंड दाखविता येत नव्हते तेच संभाजीराव आता उभे राहिले होते. "हा अन्याव हाय. ह्येच कारण लेखी पायजे मला." आणि दिगंबरपंतांनी, ज्यांचे हात आठवडाभर शिवशिवत होते, नोटिशीचा कागद उलटा करून कोऱ्या बाजूस पहिले कलम लिहावयास घेतले.

श्रीधरपंतांनी डोके धरिले. तेव्हां नीरजाबाईंनी हात वर केला, दिगंबरपंतांची लेखणी थांबविली, आणि नीलपूरच्या राणीसाहेबांच्या गादीवरून जो हुकूम दिला तो शब्दशः ऐसा: "पाटील, उतार तुमच्याकडे नव्हता आणि वाराही नव्हता. त्यात तुमचा दोष नाही, आणि कुणाचाच नाही. राख मी देते. दोनशे गाड्या. गाड्या मात्र तुमच्या, आणि परत येताना माझ्या ग्रंथशाळेच्या छपरासाठी लाकूड घेऊन यायचं. उतरतं छप्पर."

संभाजीराव थोडे घुटमळले, कारण सहजासहजी कबूल होणे हे लोणी काळभोरच्या रीतीत बसत नाही. मग म्हणाले की, दोनशे नव्हे, अडीचशे. नीरजाबाई म्हणाल्या की, सव्वादोनशे. तह जाहला.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवारी, दोन प्रहर टळता टळता धूम्रगिरीची मोहीम फत्ते जाहली. कामी आले: पापड एक, कोशिंबीर एक, मेतकूट सुमारे पावशेर. जायबंदी: दिगंबरपंतांचे चौथे कलम. तोफ डागिली नाही, कोणी पळून गेले नाही, चौघांचा मेळ मोडला नाही. फत्ते कोणाची ऐसे कोणी पुसेल, तर ज्याचे वाचले तो मागावयास उभा राहिला आणि जिचे जळाले तिने दिले, ऐसे दुसऱ्या कोणत्या मोहिमेत सेवकाने ऐकिले नाही, म्हणोन ती नीरजाबाईंच्या नावे लिहिली असे. मग आनंदीबाईंनी ताटे उचलिली, श्रीधरपंतांनी मेज पुसून नकाशा पसरला, आणि नीरजाबाईंनी पहिल्या गाडीसाठी फासा टाकिला.